माळवदावरचा जोंधळा

येळवशीच्या दिवशी वळसंग्यांच्या घरात सूर्याच्या आधी सुंदरम्मांचा आवाज उगवायचा. शहात्तर साली ती मार्गशीर्षातली अमावास्या नेमकी इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तारखेला आली, पण सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या घरात नव्या वर्षाकडं बघायला कुणाला सवड नव्हती. तूर, वाटाणा, हरभरा, बोरं आणि रानातल्या पाच-सहा भाज्या एकत्र शिजवून केलेल्या भज्जीचं पातेलं बैलगाडीत चढत होतं. ते सांडलं असतं तर सुंदरम्मांनी पुढच्या येळवशीपर्यंत कुणाला सोडलं नसतं.

"ज्वारीचे उंडे घेतले? आंबिलीची घागर घट्ट बांधली का? जगदेवी, चटणी कुठाय?"

"मांडीवरच हाय की आत्ती," सून गाडीतून म्हणाली.

जगदेवीला या घरात येऊन आठ महिने झाले होते. नवरा पुण्याला नोकरीवर, म्हणून सासू-सासऱ्यांबरोबर आलेली. बागेतली ही तिची पहिली येळवस, आणि बंगलीची शेवटची. अक्कलकोट रस्त्याला चार मैलांवर वळसंग्यांची बाग होती आणि बागेत आज्जांनी बांधलेली, मातीच्या माळवदाची म्हणजे सपाट छपराची, दगडी बंगली. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की ती पाडायची आणि तिथं सिमेंटच्या स्लॅबचं दुमजली घर बांधायचं, असं चनबसप्पांनी दिवाळीतच जाहीर केलं होतं. चनबसप्पा म्हणजे सुंदरम्मांचे यजमान, घरातले कर्ते आणि बाजारात ज्वारीचे अडते. त्यांनी एकदा जाहीर केलेलं सहसा बदलत नसे.

हे त्यांची थोरली बहीण नागम्मा सोडून सगळ्यांनी मान्य केलं होतं. ती दोन दिवसांपूर्वी वैरागहून आली होती आणि आल्यापासून एकच विषय लावून धरला होता.

"चनबसा, बंगली पाडलीस तर मी माहेरला येऊन उतरायचं कुठं?"

"नव्या घरात उतर की आक्का. मोझेक फरशी घालायलोय. पंखे लावायलोय."

"पंखा काय करायचाय? त्या दगडी भिंतीत वैशाखातबी गोधडी लागती. तुझ्या स्लॅबखाली माणसं भाजून निघतील."

"तुला कळत नाय त्यातलं."

"तुझ्याहून चार वर्षं आधी जन्मले, तेवढं तरी कळतं," नागम्मा म्हणाली आणि गाडीच्या मागच्या बाजूला वळली. "पंचाक्षरी, तू बोल की. एरवी बंगलीवर तासभर भाषण देतोस."

धाकटे भाऊ पंचाक्षरी मास्तर गाडीच्या मागं पाय सोडून बसले होते. शाळेला त्यांनी आज रजा टाकली होती. ते नुसते रस्त्याकडं बघत राहिले, आणि नागम्माला ते जरा चमत्कारिकच वाटलं.

बागेत शिरताना नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. हिवाळ्यात ती बाग बघावी. चैत्रात कडुनिंबाच्या मोहरानं माणूस गुंगतो आणि श्रावणात सगळीकडं हिरवंगार होतं ते खरं, पण पौषाच्या तोंडावर, करडईला फुलं आणि जोंधळ्याला कणसं आली असताना, सकाळच्या उन्हात नुसतं उभं राहिलं तरी माणसाला बरं वाटतं. आज्जांनी घराला एक नियम घालून दिला होता. लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येक सुनेनं माहेरून एक रोप आणायचं. त्यामुळं बागेत फिरलं की सगळे सोयरे भेटत. सुंदरम्मांचं रामफळ अकलूजचं. मास्तरांच्या बायकोनं करकंबहून आणलेला पेरू. ती जाऊन नऊ वर्षं झाली, पेरू दर हिवाळ्यात लगडतो आणि मास्तर त्यातला पहिला पेरू कुणाला देत नाहीत. जगदेवीचं कवठ अजून गुडघ्याएवढंच होतं.

राखणदार हरिबानं आणि त्याच्या बायकोनं, भीमाबाईनं, जोंधळ्यात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून ठेवली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडलेले. हरिबा दुरूनच हात जोडून उभा राहिला. पूर्वी तो गाडी थांबायच्या आत बंगलीचं दार उघडायचा. आषाढापासून त्यानं बंगलीची पायरी चढली नव्हती.

"पूजेला अजून अवकाश हाय," नागम्मानं जाहीर केलं. "आधी झोका."

चिंचेला झोका बांधलेलाच होता. चौसष्ट वर्षांची नागम्मा पहिली बसली आणि "साकु, साकु!" असं ओरडून पुरे म्हणेपर्यंत भीमाबाईनं तिला ढकललं. मग जगदेवीची पाळी आली.

नवं घर तुझ्यासाठीच बांधतोय, असं सासरे तिला चार वेळा म्हणाले होते. ती चारही वेळा मान खाली घालून गप्प राहिली होती, आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी आनंद असा लावला होता. खरं म्हणजे तिला ही बंगली फार आवडत होती. लग्नानंतरचा पहिला आठवडा तिनं इथंच काढला होता. खिडकीतून हात बाहेर काढला की रामफळाला लागायचा. फरशीवर अनवाणी चालावंसं वाटायचं. पण नव्या सुनेनं सासऱ्याच्या तोंडावर नको म्हणायचं तरी कसं?

"धर घट्ट!" भीमाबाई म्हणाली. "सोडू का अक्कलकोटला?"

झोका वर गेला. बंगलीचा कठडा डोळ्यांच्या रेषेत आला, खाली गेला. पुन्हा वर गेला तेव्हा जगदेवीनं पलीकडं पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. तिसऱ्यांदा तिनं मुद्दाम मान उंच केली.

"आत्ती! माळवदावर जोंधळा हाय!"

"काय?"

"खरंच! दहा-बारा ताटं हायत! कणसंबी लागलेत!"

"उतरवा गं तिला, भोवळ आली असंल," सुंदरम्मा म्हणाल्या.

पण नागम्माला ही बातमी भोवळीपेक्षा फार मोलाची वाटली. त्या दिवशी पूजेनंतर आंबील आणि भज्जी पिकावर शिंपडतात. त्याला चरगा म्हणतात. एकजण शिंपडत पळतो आणि "हुल्लुल्लिगो!" म्हणून ओरडतो, बाकीचे "चल्लांब्रिगो!" म्हणून साथ देतात. या शब्दांचा अर्थ वळसंग्यांच्या चार पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. मात्र एक गोष्ट पक्की होती. आपल्या जमिनीवरचं एकही पीक चरग्यावाचून राहता कामा नये.

"चनबसा," नागम्मानं हाक मारली, "माळवदाच्या जिन्याची किल्ली काढ. वर पीक आलंय. चरगा शिंपडायला पाहिजे."

"माळवदावर कसलं पीक? चेष्टा करायलीस का?"

"वर जाऊन बघ की. आणि नसलं तर माझं नाव बदल."

किल्ली चनबसप्पांच्याच कोटात होती. आषाढात त्यांनी स्वतः कुलूप घातलं होतं आणि त्यानंतर वर कुणी गेलं नव्हतं. ते कुरकुरत जिन्याकडं निघाले. मास्तरही मागोमाग निघाले.

हे सगळं मास्तरांनीच केलं होतं.

माळवदावर दर उन्हाळ्यात पांढरी माती पसरायची असते. ती जुन्या गावठाणाच्या ढिगाऱ्यातून आणावी लागते. ती भेगाळत नाही, पाणी आत घेत नाही आणि तिच्यावर धड गवतही उगवत नाही. चाळीस वर्षं हे काम हरिबा करत आला होता. पण गेल्या वैशाखात तो लेकीच्या बाळंतपणासाठी बार्शीला गेला होता, वळवाचे ढग जमू लागले होते आणि जगदेवीच्या लग्नाचे पाहुणे बंगलीवर उतरायचे होते. मास्तरांनी कुणाला न विचारता काम अंगावर घेतलं. सगळ्यांना थक्क करायचा बेत होता. पंचवीस वर्षं ते सातवीच्या वर्गाला सांगत आले होते की काळी माती पाणी धरून ठेवते. मग जी माती पाणी धरून ठेवते ती ते खाली कशी गळू देईल? त्यांना हे इतकं सरळ वाटलं की पांढरीसाठी दोन गावं ओलांडून गाड्या पाठवणारे आजवरचे सगळे लोक वेडे ठरले. चार गडी लावून त्यांनी विहिरीजवळची उत्तम काळी माती वर चढवली, चोपून बसवली आणि वरून शोभेपुरती पांढरी भुरभुरवली.

काळ्या मातीनं पाणी धरलं. अगदी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम धरलं, आणि मग सावकाश खाली सोडलं.

ते सोडलं नेमकं आषाढात, जगदेवीचे वडील पंगतीला बसले असताना, त्यांच्या आमटीच्या वाटीत. व्याही भले माणूस. वाटी बाजूला सरकवून त्यांनी जेवण चालू ठेवलं. पण चनबसप्पांचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यांनी तिथंच, पाहुण्यांसमोर, हरिबाला बोलावलं. "चाळीस वर्षं केलंस ते केलंस. आता तुझे हात गेले. पुन्हा माळवदाला हात लावू नको." आणि पाहुणे गेल्यावर म्हणाले, "हरिबानं करूनबी गळतंय म्हणजे घरच संपलं. पाडायचं."

हरिबा काही बोलला नाही. मास्तरही बोलले नाहीत. उद्या सांगू म्हणाले, मग गौरी-गणपती झाल्यावर सांगू, मग दिवाळीनंतर. दर दिवसागणिक ते सांगणं जास्तच अवघड होत गेलं. त्या बंगलीवर घरात सगळ्यात जास्त जीव त्यांचाच होता, आणि ती त्यांच्याच गप्प बसण्यानं पडणार होती. सहा महिने त्यांना धड झोप नव्हती.

वर पोचल्यावर चनबसप्पा कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. कठड्याच्या आडोशाला, पन्हाळीजवळ, चांगला छातीएवढा जोंधळा उभा होता. त्यांनी एक कणीस हातात घेतलं, दोन दाणे काढून चावले, आणि पुढचं बोलताना ते थोरले भाऊ राहिले नाहीत, बाजारातले अडते झाले.

"मालदांडी हाय. आपल्या विहिरीकडच्या तुकड्यातली." त्यांनी वाकून ढेकूळ उचललं आणि बोटांत फोडलं. आत ते काळंभोर होतं. "ही रानातली माती. हरिबा! वर ये!"

हरिबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबला. पुढं आला नाही.

"वर ये म्हणलं की."

"तुमी हात लावू नगं म्हणला व्हता, मालक. म्या पायबी लावला न्हाय तवापास्नं."

"ही काळी माती हितं कशी आली?"

हरिबानं एकदा मास्तरांकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "चूक झाली, मालक. म्हातारपण. उमगलं न्हाय मला."

माळवदावरचं बोलणं खाली अंगणात स्वच्छ ऐकू येत होतं. बायका कठड्याकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यातून भीमाबाईचा आवाज आला.

"खोटं कशापायी बोलताव? तवा तुमी बार्शीला व्हता की! बाळाला काजळ लावत बसला व्हता!"

"गप गं तू!" हरिबा ओरडला.

"का गप? सहा म्हैनं गपच हाय मी!"

मास्तरांनी हरिबाकडं पाहिलं. आज गप्प बसलो तर हा म्हातारा आयुष्यभर आपली चूक पाठीवर वागवेल, आणि आपण त्याला ती वागवू देऊ. त्या विचारानं त्यांनाच स्वतःची किळस आली.

"आण्णा, मी घातली ती माती," ते म्हणाले. आवाज वाटला त्याहून मोठा निघाला, त्यामुळं खाली सगळ्यांनी ऐकलं. "हरिबाचा काही संबंध नाही. मला वाटलं, काळी माती पाणी धरून ठेवते, तर गळणार नाही."

चनबसप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. "काय वाटलं?"

"पुस्तकात आहे तसं. सातवीच्या."

"पंचवीस वर्षं हेच शिकवलंस पोरांना?"

"हो."

"मग निम्मं सोलापूर गळत असंल की रे!"

आणि चनबसप्पा हसायला लागले. त्यांना हसू आवरेना. कठड्याला धरून ते खाली बसले, टोपी काढली, डोळे पुसले. खालून नागम्मा काय झालं म्हणून विचारत होती आणि सुंदरम्मांना वाटत होतं की यांना उन्हाचा त्रास झाला. हसणं ओसरल्यावर मात्र त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पंचाक्षरी, एक सांग. आज ही पोरगी झोक्यावर बसली नसती, तर तू बोलला असतास?"

"माहीत नाही, आण्णा." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोललो असतो असं म्हणावंसं वाटतं. पण खरंच माहीत नाही."

चनबसप्पांना राग आला होता, पण तो भावावर टाकून मोकळं होता येत नव्हतं. पाहुण्यांसमोर हरिबाला बोलले होते ते स्वतःच. त्या वेळी एकदा वर येऊन माती हातात घेतली असती, तर ओळखायला त्यांना एवढाही वेळ लागला नसता. रोज पोत्यात हात घालून दाण्यावरून गाव सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराची माती बघितली नव्हती. ते उठले, टोपी घातली आणि हरिबासमोर जाऊन उभे राहिले.

"हरिबा, तुला मी चार माणसांत बोललो. आज चार माणसांतच सांगतो." त्यांनी कठड्यावरून खाली बघितलं. "ऐकायलाव का गं सगळ्या? चूक माझी हाय. हरिबाचे हात गेले नायत. माझं डोकं गेलं होतं."

"ऐकतोय! जरा मोठ्यानं बोल!" नागम्मा म्हणाली.

हरिबाला काय करावं ते कळेना. तो पायरीवरून माळवदावर आला, उगाच इकडंतिकडं टाच आपटून पाहू लागला. चार ठिकाणी आपटली, एका ठिकाणी गुडघे टेकून कान लावला.

"कसं हाय?" चनबसप्पांनी विचारलं.

"वासं सागवानी हायती, मालक. एकबी कुजला न्हाय. वाशांवरच्या किलचनाच्या दोन फळ्या बदलाव्या लागतील. काळी उतरवा, पांढरी घाला. तुमच्या नातवांच्या लग्नापातूर वर बगायची गरज न्हाय."

चनबसप्पांनी बागेकडं नजर टाकली. हे घर आपण आमटीच्या एका वाटीसाठी पाडायला निघालो होतो, हे त्यांना आता स्वतःशीसुद्धा कबूल करायची लाज वाटत होती. पण एक अडचण राहिली होती. नवं घर सुनेला कबूल केलेलं. दिलेला शब्द मागं घ्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"जगदेवी," त्यांनी खाली बघून विचारलं, "स्लॅबचं घर नाय झालं तर तुला चालंल का, बाळ? खरं सांग. मोझेक नाय, पंखा नाय."

जगदेवीनं पदर सारखा केला. एकदा सासूकडं, एकदा नागम्माकडं पाहिलं, आणि मान वर केली.

"मामा, मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं की."

"आता विचारतोय."

"मग पाडू नका. मला हेच घर पाहिजे."

नागम्मानं तिला तिथल्या तिथं मिठी मारली. सुंदरम्मांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, रडण्यात आंबील निवते आहे हे आठवून, पूजेची घाई सुरू केली.

पूजा झाली, पांडवांना नैवेद्य दाखवला, आणि चरगा कोणी शिंपडायचा हा प्रश्न आला. तो मान थोरल्याचा. रानातला चरगा चनबसप्पांनीच शिंपडला, धोतराचा काचा मारून, साठ वर्षांच्या मानानं बरे पळाले. पण माळवदाखाली येताच त्यांनी आंबिलीचा तांब्या मास्तरांच्या हातात दिला.

"वरचं पीक ज्यानं पेरलं त्यानं शिंपडायचं. आणि पळत. चालत नाय."

"आण्णा, मी पन्नाशीला आलो."

"पेरताना विचारलं होतंस का कुणाला?"

मास्तर वर गेले. आधी त्यांना शरम वाटली. तांब्यात बोटं बुडवून त्यांनी त्या दहा-बारा ताटांवर आंबील शिंपडली आणि पुटपुटल्यासारखं "हुल्लुल्लिगो" म्हणाले. खालून काहीच उत्तर आलं नाही.

"वर्गात असंच बोलतोस का?" चनबसप्पांनी विचारलं.

मग मास्तर पळाले. कठड्याच्या कडेकडेनं, चष्मा नाकावर घसरत असताना, घशाच्या शिरा ताणून ते ओरडले, "हुल्लुल्लिगो!" आणि खालून सगळ्यांचा आवाज एकदम वर आला, "चल्लांब्रिगो!" बहिणीचा, भावाचा, वहिनीचा, भीमाबाईचा आणि सगळ्यांत उंच जगदेवीचा. मास्तर एक फेरी पळायचे ते तीन फेऱ्या पळाले. ते हसत होते की रडत होते हे खालून कुणाला दिसलं नाही, आणि कुणी विचारायलाही गेलं नाही.

ते धापा टाकत जिना उतरून आले तेव्हा बाकीचे पानांवर बसत होते. हरिबा एकटाच जिन्यापाशी थांबला होता. मास्तरांनी त्याच्यासमोर हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सहा महिने जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

हरिबानं त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"मास्तर, शाळंला सुट्टी कवा लागती?"

"मे महिन्यात. एक तारखेपासून."

"मग दोन तारखंला दिस उगवायला या. खोरं माझं, पांढरीची बुट्टी तुमच्या डोस्क्यावर." तो पंगतीकडं वळला आणि दोन पावलं जाऊन थांबला. "आन् पुस्तक घरीच ठिवून या."